जवसाची लाईन

लाईन गेली तेव्हा भुजंगराव तौरांच्या एका हातात भजं होतं आणि दुसऱ्या हातात चहाची बशी. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की पुढं जे रामायण झालं त्याला बायकोच्या मते भुजंगरावांचा स्वभाव जबाबदार होता आणि गावाच्या मते त्यांची जीभ. पण खरी गुन्हेगार ती लाईन. ती गेली नसती तर भुजंगराव भजं संपवून गपगुमान शाळेत गेले असते.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार. संक्रांत नुकतीच झालेली. शहागडला हायवेच्या कडेला सर्जेरावचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी अन् एक टेप. टेपात गाणाऱ्या बाईचा आवाज घोगरा होत होत बाप्याचा झाला अन् मंग मेलाच.

"गेली का?" कचरू मिस्त्रीनं विचारलं.

"गेली," सर्जेराव भट्टीला वारा घालत बोलला. "अन् लाईनमन गेलाय पाईपलाईनीवर, मेव्हण्याच्या शेतात. फोन लावावा तर फोनची लाईन लागंना. रॉकेलला जावं तर तिथं ही मोठी लाईन. अन् आमचं धाकटं म्हणतंय, बापू, मी ट्रकच्या लाईनीत जातो. म्हणलं, आधी स्वतः लाईनीवर ये, मंग कोणत्या बी लाईनीत जाय!"

सगळे हसले. भुजंगराव हसले न्हाईत. त्यांनी भजं परत प्लेटीत ठेवलं. भुजंगरावांनी तोंडापर्यंत नेलेलं भजं परत ठेवणं ही शहागडच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

"सर्जेराव, आत्ता तू लाईन किती डाव म्हणला?"

"का? आता बोलायला बी लायसन लागतं का?"

"आरं, दर डावाला येगळी! तारेतली येगळी, नळाची येगळी, मानसांची येगळी, धंद्याची येगळी. एवढासा शब्द, अन् सोंगं किती! हा शब्द न्हाई, बहुरूपी हाय बहुरूपी!"

कोपऱ्यातला एक ट्रकवाला बोलला, "आम्ही महिना महिना लाईनीवरच असतो." दुसऱ्यानं कुणीतरी पोरीबाळींच्या मागं लाईन मारणाऱ्यांचा विषय काढला, त्याला सर्जेरावनं गप केलं. कचरू मिस्त्रीनं पिशवीतून दोरीचं भेंडोळं काढून बाकड्यावर आपटलं.

"ही खरी लाईन. लाईनदोरी. हिच्याबिगर इटावर ईट सरळ बसत न्हाई. बाकीच्या तुमच्या लाईनी समद्या वायफळ."

भुजंगराव त्या दोरीकडं बघत राह्यले. चाळिशी ओलांडलेला गडी, शाळेत क्लार्क, केस काळे अन् मन त्याहून काळं असं लोक म्हणायचे. पण सोंग घेणाऱ्याबद्दल त्यांना मनापासून इज्जत होती. एक माणूस चार सोंगं घेतो तर त्याला बिदागी मिळते. अन् हा इवलासा इंग्रजी शब्द, कधी सात समुद्र ओलांडून आला, अन् शहागडच्या चौकात दहा-बारा सोंगं करून राह्यलाय, अन् कुणी त्याला साधं 'वा' म्हणत न्हाई! ह्याचं मूळ कुठलं? ह्याचा बाप कोण?

ते उठले ते थेट शाळेत. इंग्रजीच्या सत्यशीलाबाईंकडं एक डिक्शनरी होती, उशाला घेतली तर मान मोडेल एवढी जाड. बाईंनी पान काढलं, चष्मा वर केला, वाचलं, अन् पुन्हा वाचलं.

"भाऊसाहेब, गंमतच आहे. याचं मूळ लॅटिन. जवसाला ते लोक लिनम म्हणायचे."

"कशाला?"

"जवसाला. आपलं चटणीचं जवस. त्याच्या वाखाची, म्हणजे काडाच्या सालीतल्या धाग्याची दोरी, ती लाईन. दोरी ताणली की सरळ रेघ दिसते, म्हणून रेघ झाली लाईन. रेघेसारखी माणसं उभी राहिली, ती पण लाईन. शिंपी कोटाला आतून लायनिंग लावतो ना, ते पण त्याच घराण्यातलं. पूर्वी आतून जवसाचंच कापड लावायचे."

भुजंगरावांच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर शंभर थापा पचवलेल्या माणसाला एक खरी गोष्ट पचंना. लाईनमनपासून सायबापर्यंत सगळ्यांच्या तोंडात असलेला शब्द, अन् त्याचं मूळ कुठं? आपल्या बायकोच्या, उषाबाईच्या उखळात! ते तसेच पळत हॉटेलात गेले.

"सर्जेराव! लाईन हा शब्द जवसातून आलाय!"

हॉटेल असं हसलं की ट्रकवाल्यांनी काय झालं म्हणून हॉर्न वाजवले.

आता हसणाऱ्यांची बाजू पण ऐकली पाह्यजे. ह्याच भुजंगरावांनी जालन्याच्या प्रेसमधून एक पत्रिका छापून आणल्ती: 'आमच्या येथे सौ. चंद्रभागा हिचे डोहाळजेवण योजिले आहे, तरी अगत्य येण्याचे करावे. आपला नम्र, सर्जेराव.' गल्लीभर बाया ओटीचं सामान घेऊन आल्या. चंद्रभागा परसात रवंथ करत उभी होती. सर्जेरावची म्हैस ती. खऱ्या होत्या त्या दोनच गोष्टी: म्हैस गाभण होती अन् बायांच्या हातात नारळ होते. तेव्हापासून भुजंगरावांनी 'सकाळ झाली' म्हणलं तरी लोक आधी खिडकी उघडून बघायचे.

"जवसातून लाईन," कचरू मिस्त्री डोळे पुसत बोलला. "मंग कारळातून काय निघालं? कलेक्टर?"

"आरं, डिक्शनरीत हाय!"

"आण मंग."

भुजंगरावांनी डिक्शनरी आणली. सर्जेरावनं कागद बोटानं चोळून पाह्यला, उजेडाला धरला, वास घेतला.

"प्रेस तीच दिसती, जालन्याची."

"सर्जेराव, आख्खी डिक्शनरी छापली का मी?"

"आख्खी कशाला? एक पान घुसवलं. म्हशीची पत्रिका छापणाऱ्याला एक पान काय जड हाय?"

सत्यशीलाबाईंना साक्षीला आणलं. बाईंनी सगळ्यांसमोर खणखणीत सांगितलं की शब्द जवसाचाच आहे. लोकांनी मान डोलावली. बाईंबद्दल सगळ्यांना आदर होता. पण मागच्या गॅदरिंगला भुजंगरावांनी चिठ्ठी दिली अन् बाईंनी ती माईकवर वाचली, की प्रमुख पाहुणे हेलिकॉप्टरनं येत आहेत. त्यावर लोकांनी गोदावरीच्या वाळूत चुन्याचा गोल आखून आख्खी दुपार आभाळाकडं माना करून काढली होती.

"बाई खऱ्या हायेत," कचरू बोलला, "पण बाईंना ह्यानं काय वाचायला दिलंय हे बाईंना तरी कुठं ठाव?"

भुजंगरावांना राग यायचा तो आलाच. थापेबद्दल लोकांनी जोडे मारले असते तर त्यांनी हसत खाल्ले असते. ती त्यांची हक्काची कमाई होती. पण खरं बोलल्याबद्दल मार खायची त्यांना सवय न्हवती. माणसाच्या इज्जतीला असा मार फार लागतो.

"कचरू, जवसाची दोरी करून आणली तर?"

"तर मी तुझ्या अंगणाची भिंत त्या दोरीवर बांधीन. ताणली अन् तुटली न्हाई तर तू खरा. तुटली तर?"

"तर?"

"तर आठवडी बाजारात भोंग्यावरून बोलायचं: मी भुजंग तौर, मी लबाड, माझ्या शब्दावर कुणी इस्वास ठेवू नये."

"मंजूर," भुजंगराव म्हणले. म्हणल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आजवर त्यांनी जवस फक्त भाकरीवर बघितलंय.

घरी येऊन त्यांनी उषाबाईला सांगितलं. उषाबाई पीठ मळत होत्या.

"उषे, लाईन हा शब्द जवसातून आलाय."

"बरं. हात धुवा."

"अगं, खरंच."

उषाबाईंनी मान वर केली. "खरंच? मंग मी बी ओवी म्हणून सांगू का?"

भुजंगरावांनी हात धुतले. ओवीचं असं, की लग्नानंतर पहिल्या दिवशी त्यांनी नव्या नवरीला गंभीर तोंडानं सांगितलं होतं, 'आमच्या तौरांच्या घरात रीत हाय. नव्या सुनेनं पाच दिवस सासूला ओवीतच उत्तर द्यायचं.' बिचारी अंतरवाली सराटीची पोर, तिनं पाळली. सासू म्हणायची, 'चहात साखर घातली का?' अन् सून सूर लावायची, 'साखर घातली बाई, दोन चमचे भरून...' सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी देवऋषी बोलावला. तेव्हापासून भुजंगरावांचा एक शब्द उषाबाईंनी कधी तपासल्याशिवाय घेतला न्हवता. गावाचं भुजंगरावांना एवढं न्हवतं. गाव काय, आज हसतं, उद्या विसरतं. पण आज आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं, अन् घरच्या माणसानं पिठातला हात सुद्धा थांबवला न्हाई, हे मात्र त्यांना लागलं.

जवसासाठी त्यांनी मेहुण्याला, अंतरवालीच्या पुंजारामला निरोप धाडला: 'जवस पाठव. भरपूर.' होळीच्या आधी पुंजाराम स्वतः एसटीतून आला, खांद्यावर पोतं.

"घ्या दाजी. निवडून, पाखडून आणलंय. वर्षभर चटणी खाल."

"पुंजाराम! दाणे न्हाई रे, काड पाह्यजे, काड!"

"काड?" पुंजारामनं दाजींकडं अशा नजरेनं पाह्यलं की तो रात्री बहिणीशी एकांतात बोलणार हे नक्की झालं. "दाजी, जवसाचं काड गुरं बी खात न्हाईत. तुम्ही काय करता त्याचं?"

"लाईन काढायचीय त्यातून."

पुंजारामनं पोतं भिंतीला टेकवलं. मंग हळूच बोलला, "दाजी, काड तर मी चुलीत घातलं. थोडं बांधावर हाय. आणतो. पण ताईला त्रास देऊ नका."

दुसऱ्या खेपेला काडाच्या पेंढ्या आल्या. एसटीच्या टपावरून, कंडक्टरशी भांडण करून, अर्धं तिकीट काढून. गल्लीतल्या माणसांनी त्यांचं स्वागत करून लगेच सल्ले द्यायला सुरुवात केली. एकानं सांगितलं, उकळा. एकानं सांगितलं, शेणात पुरा. एक रिटायर तलाठी सांगून गेले की आधी पीकपेऱ्यात 'जवस, दोरीकरिता' अशी नोंद करून घ्या, नंतर भानगड नको. शेजारच्या झुंबरबाईंनी मात्र कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना बाजूला सारलं.

"व्हय रं भुजंगा, अंबाडीचा वाख कसा काढत्यात ते बघितलंय का तू कधी? का जन्मभर म्हशीचं डोहाळच जेवत बसलास?"

"न्हाई बघितलं, आत्या."

"अंबाडी भिजवायची. सडू द्यायची. साल सुटलं की धोपटायची. जवस झालं म्हणून त्याला काय शिंगं असत्यात का? पण वास येतो हां मेल्या. नाक बांधून झोपावं लागतं."

भुजंगरावांनी परसात टिपाड मांडलं, दाणे झोडून काढलेलं काड त्यात कोंबलं, वर दगड ठेवले, काठोकाठ पाणी भरलं. पहिले दोन दिवस काही झालं न्हाई. मंग झालं. आंबूस, कुजकट, गोडसर असा एक वास परसातून निघाला, कुंपण ओलांडून गल्लीत आला, गल्लीतून चौकात गेला अन् सर्जेरावच्या भज्यांत शिरला. उषाबाई पदर नाकाला लावून रोज त्या टिपाडातलं पाणी बदलायच्या, कारण भुजंगराव शाळेत असायचे अन् झुंबरबाईंनी सांगितलं होतं की पाणी बदललं न्हाई तर दोरीऐवजी नुसता चिखल निघंल. पाणी बदलताना उषाबाई एक शब्द बोलायच्या न्हाईत. त्या न बोलण्याचा वास टिपाडापेक्षा जास्त यायचा.

अन् मंग पोलीस आले.

कुणीतरी कळवलं होतं की तौर क्लार्कनं घरी हातभट्टी लावलीय. जमादार नवीनच बदलून आल्ते, मोठ्या मिशांचे, खाकी कडक. त्यांनी टिपाडाकडं बोट केलं.

"काय हे? दारूचं रसायन?"

"न्हाई साहेब. लाईन."

"कसली लाईन?"

"म्हणजे अजून झाली न्हाई. होणार हाय. जवसाची."

जमादारांनी आयुष्यात बरेच बहाणे ऐकले होते. हा नवा होता. पंचनाम्याला दोन पंच पाह्यजेत म्हणून त्यांनी हवालदाराला चौकात पाठवलं. हवालदार सर्जेराव अन् कचरू मिस्त्रीला घेऊन आला. दोघांनी परसात पाऊल ठेवलं, टिपाड बघितलं, भुजंगरावांचं पडलेलं तोंड बघितलं, मिशावाले जमादार बघितले, अन् दोघांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. सुगीचे दिवस. गावोगाव बहुरूपी फिरायचे दिवस. अन् बहुरूप्याचं सगळ्यात आवडतं सोंग कोणतं, तर फौजदाराचं.

"वा वा वा!" सर्जेरावनं टाळी वाजवली. "भुजंग्या, लई झकास आणलाय सोंगाड्या! कुठला रं बाबा तू? पैठणचा का?"

"कोण सोंगाड्या?" जमादार गरजले.

"आवाज बी झकास!" कचरू म्हणला. "मिशी तर बघ, खऱ्यासारखी!" अन् त्यानं मिशीला हात घातला.

मिशी खरी निघाली. कचरूचा हात हवेतच राह्यला. सर्जेरावनं तोवर खिशातून रुपया काढून जमादारांच्या तळहातावर ठेवला होता अन् वर म्हणला होता, "घे, जा, पुढच्या घरी जरा जोरात बोल."

पुढं जे झालं ते लिहिण्यासारखं न्हाई. जमादारांनी दोघांनाही टिपाडाशेजारी उभं केलं, शर्टाची बाही वर सारून टिपाडात हात घातला अन् बुळबुळीत काडाची मूठ वर काढली. वास घेतला. चेहरा कसातरी केला.

"हे दारू न्हाई."

"न्हाईच साहेब," भुजंगराव काकुळतीला येऊन बोलले. "साहेब, हे जवस. ह्याच्या वाखाची दोरी म्हणजे लाईन. मूळ लॅटिन. रेघेची लाईन, रांगेची लाईन, विजेची लाईन, समद्या ह्याच्यातून आल्या. देवाशपथ खरं बोलतो."

जमादार थोडा विचार करून बोलले, "पोलीस लाईन बी जवसाचीच का?"

"ती बी साहेब. घरांची ओळ, म्हणून लाईन."

"तरीच," जमादारांनी मान हलवली. "तरीच दर पावसाळ्यात सडून राह्यली." अन् ते गेले. रुपया मात्र त्यांनी सर्जेरावच्या हातात परत ठेवला, अन् तो ठेवताना सर्जेरावची बोटं अशी दाबली की त्याला दोन दिवस कपबशी धरता आली न्हाई.

एवढं झाल्यावर तरी गावानं विश्वास ठेवावा? न्हाई. गावानं आता एवढंच मानलं की भुजंगरावांच्या थापेत पोलीसही सामील झाले.

काड बाहेर निघालं, वाळलं, धोपाटण्याखाली गेलं. भुजंगरावांनी धोपटताना अंगठा धोपटला, वाख विंचरायला उषाबाईंची फणी घेतली, तिचे दात मोडले, अन् त्याबद्दल स्वतःचे दात राह्यले हे नशीब समजले. शेवटी हातात आला तो वाख. फिकट सोनेरी, रेशमासारखा मऊ. भुजंगराव तो उन्हात धरून बघत बसले. 'काय रे तू,' त्यांनी मनात म्हणलं, 'चटणीतला माणूस तू, अन् जगाला सरळ रेघ शिकवून आलास!' फक्त एक अडचण होती. आपलं जवस चटणीचं; बुटकं. वाख वितीएवढाच.

"आखूड हाय," झुंबरबाई म्हणल्या, "पण वळते मी. तू जा शाळेत. तू इथं बसला की माझ्या हातातला पीळ बी खोटा पडतो."

बाजाराच्या दिवशी भुजंगरावांच्या अंगणात जत्रा भरली. विटा रचून तयार, पाया भरून तयार. शेजारी सर्जेरावनं भोंगा आणून ठेवलेला, बॅटरीसकट, लाईनीचा भरवसा न्हाई म्हणून. उषाबाईंनी भेंडोळं आणून कचरूच्या हातात दिलं. दोरी बारीक, पिवळसर, सारखी वळलेली. कचरूनं एक टोक एका खुंटीला बांधलं, दुसरं दुसऱ्या खुंटीला, अन् ओढली. कर्र आवाज झाला. भुजंगरावांनी डोळे मिटले. सत्यशीलाबाईंनी चष्मा काढला. कचरूनं अजून ओढली. बोटानं टिचकी मारली.

टंग्!

दोरी एकतारीसारखी वाजली. तुटली न्हाई. लोकांत एक हुंकार उठला अन् भुजंगरावांनी डोळे उघडले. पण कचरू खाली वाकून दोरीला नाक लावून बसला होता.

"थांबा थांबा. दोरी चांगली हाय. लईच चांगली हाय. भुजंग्या, ही अंबाडीची हाय."

"काय?"

"जवसाला एवढं बळ? अंबाडीची दोरी वळली अन् जवसाची म्हणून आणली. हेलिकॉप्टरवाल्याला हे काय जड हाय?"

"अंबाडी! अंबाडी!" गर्दी म्हणाली. सर्जेरावनं भोंगा उचलला. भुजंगरावांनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. पोलिसांसमोर शपथ घेतली, अंगठा फोडून घेतला, महिनाभर वासात झोपले, अन् अजून ते लबाडच. त्यांनी भोंग्यासाठी हात पुढं केला.

"खाली ठिवा तो भोंगा!"

उषाबाई पुढं आल्या. पदर खोचलेला, हात ओले. सर्जेरावनं भोंगा खाली ठेवला.

"सर्जेराव भावजी, कचरू भाऊ, मला सांगा. ह्यांच्या शब्दावर मी आजवर कधी इस्वास ठेवला का?"

"न्हाई वहिनी," दोघं एकदम म्हणाले.

"ह्यांच्या थापेत मी कधी सामील झाले?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"मंग ऐका. टिपाडातलं पाणी मी रोज बदललं. काड मी वाळवलं. दोरी माझ्या डोळ्यादेखत वळली. ही दोरी जवसाची हाय. आता कुणाला काय म्हणायचं ते म्हणा."

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला होता. शहागडात भुजंगरावांची एकच पक्की विरोधक होती, अन् तिनंच साक्ष दिली. कचरू मिस्त्रीनं टोपी काढली, पुन्हा घातली, अन् पहिली वीट उचलली. भिंत जवसाच्या लाईनीवर उभी राह्यली, अन् आजही ती गल्लीतली एकमेव सरळ भिंत आहे. सत्यशीलाबाईंनी शाळेच्या फळ्यावर सगळी सोंगं ओळीनं लिहिली अन् वर जवसाचं निळं फूल काढलं.

संध्याकाळी भुजंगराव भाकरीवर बसले. ताटात जवसाची चटणी. छाती भरून आल्ती.

"उषे, तू एवढं माझ्यासाठी... तुला पटलं ना, मी खरं बोललो ते?"

उषाबाईंनी भाकरी तव्यावर उलटली. अन् भाकरीकडंच बघत सूर लावला:

"जवसाच्या दोरीला, आत अंबाडीचा पीळ,
खरं बोलत्या मानसाला, लबाडीचं लागं बळ."

भुजंगरावांच्या हातातला घास ताटात पडला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुमच्या त्या वाखाची दोरी झुंबरआत्यांनी वळली, तिला लोटा टांगून बघितला, तीन जागी तुटली. मंग आत अंबाडी घातली, वरून जवस. तुम्ही तवा शाळेत व्हते."

"अन् तू आख्ख्या गावासमोर..."

"पाच दिवस ओव्या म्हणायला लावल्या व्हत्या मला. आज फिट्टंफाट झाली." उषाबाईंनी भाकरी ताटात टाकली. "अन् तुम्ही खरं बोलून राह्यले, हे मला टिपाडाचं पाणी बदलतानाच कळलं व्हतं. खोट्यासाठी तुम्ही एवढे कष्ट कधी करत न्हाई."

भुजंगराव बायकोकडं बघत राह्यले. म्हशीची पत्रिका, हेलिकॉप्टर, सगळं त्यांना पोरखेळ वाटायला लागलं. एवढा सरळ चेहरा, एवढी मोठी गर्दी, अन् एक पापणी हलली न्हाई! उठून नमस्कार करावा असं त्यांना वाटलं. पण हात खरकटे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सर्जेरावच्या हॉटेलात गेले, तर लाईन पुन्हा गेलेली. सर्जेरावनं उठून बाकडं पुसलं, स्पेशल चहा ठेवला. कचरूनं राम राम घातला. इतका मान भुजंगरावांना सोसंना. असल्या कारागिरीचं श्रेय स्वतः घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं. ज्याचं त्याला दिलं पाह्यजे.

"मंडळी," ते म्हणले, "खरं सांगतो. दोरीत आतून अंबाडी व्हती. उषीनं घातली. तुम्हाला समद्यांना तिनं बनवलं."

सर्जेरावनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मंग सर्जेराव हसला, कचरू हसला, ट्रकवाले हसले.

"सुधारणार न्हाई तू, भुजंग्या," सर्जेराव डोळे पुसत बोलला. "कालच वहिनीनं तुला खरा केला, अन् आज लगेच तिच्यावरच थाप? लाज वाटू दे जरा!"

तेवढ्यात लाईन आली. टेपातल्या बाप्याचा आवाज बारीक होत होत परत बाईचा झाला, अन् भुजंगरावांनी गपचूप भजं उचललं.